मिटणाऱ्या फोनचा पापुद्रा

दुकानात तिला सगळे काचताई म्हणतात. मालक म्हणतो, गिऱ्हाइकं म्हणतात, शेजारचा झेरॉक्सवालाही म्हणतो. फोनच्या पडद्यावर संरक्षणाची काच बसवणं हे तिचं काम. दिवसाला तीस फोन, सुट्टीच्या आदल्या दिवशी पन्नास. दाराजवळ दीड हात रुंदीचं टेबल, वर पांढरा दिवा, बाजूला ओली फडकी, कोरडी फडकी आणि धूळ टिपायच्या चिकटपट्ट्या. डोक्यावरचा पंखा कायमचा बंद, कारण वारा म्हणजे धूळ आणि धूळ म्हणजे बुडबुडा. उकाड्याच्या दिवसांत घाम भुवईपर्यंत उतरला की ती मान मागे घेते. एक थेंब काचेखाली गेला तर ती काच फुकट.

हे काम ती कुठे शिकली नाही. पूर्वी याच जागी वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. शाळा सुरू व्हायच्या सुमारास पालक गठ्ठेच्या गठ्ठे आणून टाकायचे आणि ती पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं घालून द्यायची. एक सुरकुती दिसायची नाही. मग वह्यांच्या कपाटाचा एक कप्पा रिकामा करून त्यात फोन ठेवले गेले, पुढे दोन कप्पे, आणि एका वर्षी वह्या गेल्याच. मालकानं बाकीची माणसं कमी केली आणि हिला म्हणाला, "पुस्तकं झाकत होतीस, आता फोन झाक. हात तोच लागतो." त्याला चौदा वर्षं झाली.

तिचा नवरा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो. "आपल्या दोघांचा धंदा एकच," तो जेवताना म्हणतो, "लोकांच्या वस्तू झाकायच्या." त्यांच्या स्वतःच्या घरातल्या खुर्चीचा स्पंज बाहेर आलाय. लेक बारावी झाली, नर्सिंगला प्रवेश मिळाला, पुढच्या महिन्यात पहिली फी भरायची आहे, आणि ती आईचाच जुना, तडा गेलेला फोन वापरते. त्याला काच बसवून देण्याचं काचताईंच्या मनात दोन वर्षं आहे. घरी आल्यावर हात उचलत नाही, एवढंच.

फोनची किंमत ती पैशांत मोजत नाही, स्वतःच्या पगारात मोजते. सुरुवातीला एका महिन्याचा फोन टेबलावर आला तरी ती दोन्ही हातांनी धरायची. मग तीन महिन्यांचे आले, पाच महिन्यांचे आले. हल्ली एखादा नऊ महिन्यांचा फोन समोर आला की तिचे खांदे आपोआप आखडतात. नऊ महिने उठायचं, डबा भरायचा, या टेबलाशी वाकायचं, आणि ते सगळं या एवढ्याशा पाटीत मावतं, ही गोष्ट तिला कधी नीट पटली नाही. तिनं तो विचार कुणाला सांगितलाही नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे?

एक मात्र तिच्या नजरेला आलं होतं. फोन महाग होत गेले तशी नवीन फोनची गिऱ्हाइकं आटली आणि तिच्या टेबलापुढची रांग वाढली. लोक तोच फोन घेऊन दुसऱ्यांदा येत, तिसऱ्यांदा येत. "अजून एक वर्ष काढायचंय हो याच्यावर," म्हणत. मालकाच्या कपाटात नवीन फोनचा आता एकच कप्पा उरला होता. वहीसारखे घडी होऊन मिटणारे नवे फोन त्यानं कधी आणलेच नाहीत. "आपल्या गिऱ्हाइकाला मिटणारा फोन नको," तो म्हणायचा, "फिटणारा हप्ता हवा."

भिंतीवर पाटी होती, काच बसवताना फोनला काही झाल्यास दुकान जबाबदार नाही. ती पाटी गिऱ्हाइकांसाठी. आतला नियम वेगळा होता. नुकसान झालंच तर अर्धं दुकानाचं, अर्धं हाताचं. हात म्हणजे काचताई. नऊ वर्षांपूर्वी एकदा तिच्या कोपरानं एक फोन खाली पडला होता. सहा महिने पगारातून कापून गेले. त्यानंतर आजपर्यंत काही नाही.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास फ्लॅटवाले साहेब आले. हा माणूस घरं विकून द्यायचं काम करायचा, आणि काचताई त्याला दहा वर्षं ओळखत होती. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, दर दोन वर्षांनी नवा फोन. या वेळी मात्र साडेतीन वर्षं गेली होती.

"फार दिवसांनी, साहेब."

"भाव कुठे गेलेत बघताय ना ताई? फ्लॅट विकणं सोपं झालंय, फोन घेणं अवघड." तो हसला आणि त्यानं खिशातून फोन काढला. "पण घेतला. ही बघा वही."

त्यानं फोन उघडला. खरंच वहीसारखा. आत पानभर पडदा, मधे शिवणीसारखी बारीक रेघ. रांगेतल्या दोघांनी माना पुढे केल्या.

"ऐकून होते, हातात आज आला," ती म्हणाली. "केवढ्याचा?"

साहेबानं आकडा सांगितला. तिनं मनात भागाकार केला. सतरा महिने.

"दोन्हीकडे लावा काच. बाहेरून पण आणि आतून पण. पाचला एक पार्टी फ्लॅट बघायला येतेय, मोठी आहे."

तिनं आधी आतली बाजू घेतली. दिव्याखाली तिरकी धरली. कडेला, अगदी टोकाला, प्लास्टिकचा पापुद्रा दिसत होता. चौदा वर्षांत तिनं असे किती पापुद्रे काढले असतील त्याची गणती नाही. नवा फोन आला की वर कंपनीचं पातळ प्लास्टिक असतंच. नव्याची नवलाई संपेपर्यंत लोक ते तसंच राहू देतात, आणि मग ते हिच्या नखानं निघतं.

"हे कंपनीचं प्लास्टिक अजून काढलं नाहीत?"

"राहिलं असेल. काढा," साहेब रस्त्याकडे बघत म्हणाला. त्यानं गाडी आडवी लावली होती.

तिनं नख घातलं. एरवी पापुद्रा सुळकन येतो. हा येईना. तिनं जरा जोर केला. आवाज ओला आला, जखमेवरची पट्टी निघताना येतो तसा. मधल्या शिवणीवर एक काळी रेघ उभी राहिली. मग उजवं पान हिरवं झालं, डावं पांढरं, आणि बघता बघता दोन्ही विझली.

तिनं पापुद्रा परत ठेवला. हे अगदी वेड्यासारखं होतं हे तिला ठेवतानाच कळलं, पण हातांनी ते केलं.

"मालक," ती म्हणाली. मालकाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाली, "मालक, जरा इकडे या."

मालक आला. त्यानं फोन पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि रांगेतल्या दोघांना म्हणाला, "तुम्ही अर्ध्या तासानं या बरं." मग स्वतःच्या फोनवर बराच वेळ काहीतरी वाचत राहिला. शेवटी चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "ते प्लास्टिक नव्हतं. तो पडद्याचाच थर आहे. काढायचा नसतो. घेताना वर चिठ्ठी लावलेली असते म्हणे."

"चिठ्ठी होती," साहेब म्हणाला. "बारीक अक्षरात होती. मी फेकली."

मालकानं दुरुस्तीच्या केंद्राला फोन लावला. तिकडचा माणूस बोलत होता आणि मालक नुसता "बरं, बरं" करत होता. आतला पडदा बदलायला काचताईंचे सात पगार. वॉरंटीत बसत नाही, कारण हातानं काढलाय.

"नियम तुला माहीत आहे," मालक हळू आवाजात म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. गेले तीन महिने तो दुकानाचं भाडं उशिरा भरत होता, तेही तिला माहीत होतं. "मी तरी कुठून आणू सांग."

सातचे अर्धे साडेतीन. साडेतीन पगार नाहीत म्हणजे फी नाही. फी नाही म्हणजे लेक वर्षभर घरात, आणि वर्षभर घरात बसलेली मुलगी पुढल्या वर्षी खरोखर कॉलेजात जाते की नाही हे तिनं आजूबाजूला पाहिलं होतं.  तिला रडू आलं नाही. इतकं दमलेलं असताना ते येतही नाही.

"चूक माझी आहे, साहेब," ती म्हणाली. "मला वाटलं नेहमीसारखंच आहे."

साहेब स्टुलावर बसला होता. त्यानं आरडाओरडा करावा म्हणून ती थांबली होती. आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं, मग पुढचं सगळं आपोआप घडलं असतं. पण तो नुसता बसून राहिला. बसल्यावर त्याच्या बुटाचा झिजलेला तळवा दिसला. मग त्यानं फोन उचलला आणि मिटला.

बाहेरचा छोटा पडदा उजळला. वेळ दाखवू लागला. तीन पस्तीस.

तेवढ्यात तो वाजला. साहेबानं एकदम पाठ ताठ केली. "बोला सर! निघालोच आहे, वाटेतच आहे. नाही नाही, पाच म्हणजे पाच. तिसरा मजला तुमच्यासाठी अडवून ठेवलाय, तीन लोक मागे लागलेत माझ्या." फोन ठेवला, आणि पाठ पुन्हा वाकली. "तीन लोक," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "वर्षभरात तीन लोक आले असतील."

मग त्यानं फोन टेबलावर ठेवला, मिटलेला. थोडा लांब सरकवला. डोकं तिरपं करून पाहिलं.

"ताई, बाहेरून काही कळतंय का?"

"काय?"

"आतून गेलाय ते. असा टेबलावर असला तर समोरच्याला कळेल?"

काचताईंनी फोन उचलला, दिव्याखाली सगळ्या बाजूंनी फिरवला. "नाही कळणार. न उघडता कुणालाच नाही."

"मग झालं."

"झालं म्हणजे?" मालक म्हणाला.

"अहो, मी तो उघडतो कधी? घेतला त्या दिवशी दुकानात उघडला, घरी बायकोला दाखवला आणि आज तुम्हाला. एवढंच." त्यानं रुमालानं मान पुसली. "मागचा फोन टेबलावर ठेवला होता ना, तर एका पार्टीचा मुलगा म्हणाला, काका, हा अजून चालतो? सगळे हसले. मीही हसलो. घर त्यांनी दुसऱ्याकडून घेतलं. फोनमुळेच घेतलं असं नाही म्हणत मी. पण रात्रभर तेच डोक्यात. आणि मग हा घेतला. तीस हप्ते आहेत, दोन गेलेत."



"पडदा बदलायला तुमच्याकडून पैसे घेतले तरी फोन आठ-दहा दिवस तिकडे राहील. तेवढे दिवस मी टेबलावर काय ठेवू? हात?" तो स्वतःच हसला, पण ते हसू अर्ध्यावर राहिलं. "आणि काढा असं मीच म्हणालो होतो. ते मी विसरलेलो नाही."

"साहेब, पण..."

"पण कुणाला बोलायचं नाही. बाजारात आपले लोक आहेत. फ्लॅटवाल्याचा फोन आतून मेलाय, असं नको." मग घड्याळात बघून म्हणाला, "बाहेरची काच तेवढी लावा. नीट लावा हां."

तिनं लावली. ओलं फडकं, कोरडं फडकं, चिकटपट्टी. श्वास धरला. एका कडेनं काच टेकवली आणि सोडली. काच आपली आपण पसरत गेली, एकही बुडबुडा न ठेवता.  

"राहू द्या साहेब, पैसे नकोत," मालक घाईघाईनं म्हणाला.

"नको, घ्या. कामाचे पैसे घ्या." साहेबानं नोट दिली. मालकानं गल्ल्यात टाकली. साहेब तिथेच उभा राहिला. मालकाला वाटलं अजून काही बोलायचंय, म्हणून तो वाट बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं सुटे पैसे काढून दिले. साहेबानं ते न मोजता खिशात टाकले, पाठ ताठ केली आणि आडव्या लावलेल्या गाडीकडे गेला.

"वाचलीस," मालक म्हणाला.

"हो," ती म्हणाली. वाचलेल्या माणसाला जसं वाटतं म्हणतात तसं तिला काही वाटत नव्हतं. पाठ दुखत होती. बाहेर दोन माणसं परत येऊन उभी होती.

रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं. बोलायचं नाही म्हणाला होता साहेब, पण नवरा म्हणजे बाजार नव्हे. नवरा ऐकत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे तो आता तीस हप्ते भरणार, फोन मिटून ठेवायचे."

"अठ्ठावीस राहिलेत."

"आपल्यापेक्षा त्याचीच दया येते मला."

"मला कुणाचीच येत नाहीये आज," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. लेकीची फी भरता येणार होती. ते ती मनात दोन-तीनदा म्हणाली. झोप लागेपर्यंत तरी ते खरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत पहिली एक कॉलेजची मुलगी होती. साधा, दीड पगाराचा फोन. वर कंपनीचं प्लास्टिक, त्याला ओढायला निळी शेपटीसुद्धा होती. काचताईंनी नख शेपटीशी नेलं आणि तिथेच थांबवलं. तिनं फोन दिव्याखाली तिरका धरला. मग दुसऱ्या बाजूनं धरला. पुन्हा नख नेलं. हाताला विचार करायची सवय नव्हती. आता लागली.

"हे प्लास्टिकच आहे ना?" तिनं विचारलं.

मुलगी हसली. "काचताई, तुम्ही मला विचारताय?"

"हो. सांग ना."

"प्लास्टिकच आहे."

"नक्की?"

"अहो ताई, लवकर आटपा की," मागून कुणीतरी म्हणालं. "मला ऑफिस आहे."

काचताईंनी मान वर केली नाही. पापुद्रा तिनं केसाकेसानं उचलायला घेतला, जणू त्याच्याखाली कुणीतरी झोपलेलं होतं. एरवी मिनिटात होणारं काम त्या दिवशी सात मिनिटं चाललं, आणि रांग दाराबाहेर गेली.