पानातला शेंदूर

निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, तरी ती घटना मनातून गेलेली नाही.

एका शनिवारी संध्याकाळी आमच्या पोलीस ठाण्यात दवाखान्यातून फोन आला. भिंगारच्या वाटेवर एक छोटा बार आहे, तिथे दर शनिवारी स्थानिक पोरांचे बँड वाजतात. तिथला एक गायक गाता गाता कोसळला होता आणि उलटीत लाल पूड निघाली होती. ‘‘शेंदूर वाटतोय,’’ डॉक्टर म्हणाले. शेंदूर खाल्ला की गाणाऱ्याचा आवाज जातो, हे आमच्याकडे सगळ्यांनी ऐकलेले असते. कुणाला तरी त्याचा गळा घालवायचा होता.

मी जबाब घ्यायला गेलो. मुलगा शेवगावचा, चोविशीतला. ‘‘पान खाल्लं हुतं. माझं मीच आनलं,’’ तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. बोलताना माझ्याकडे बघेना. त्याच्या बँडमधला गिटारवाला, लहानपणापासूनचा मित्र, उशाशी बसून त्याला चमच्याने पाणी पाजत होता.

गुन्हा दाखल करून आम्ही आधी दुसऱ्या बँडच्या पोरांना उचलले. भांडकुदळ होती, पण हाती काही लागले नाही.

पुढच्या शनिवारी हवालदाराला घेऊन साध्या कपड्यांत बारमध्ये जाऊन बसलो. गायकाच्या जागी गिटारवालाच उभा होता. गायलाही बरा. गाणे संपताच मागून कुणीतरी ओरडले, ‘‘आपला हिरो कुठंय? त्याला आना!’’ टेबले वाजू लागली, मित्राच्या नावाचा गजर सुरू झाला. दुसऱ्या कुणी ‘तो बरा होतोय’ असे सांगितले असते. याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. त्याने आवाज वाढवला आणि ते नाव गिटारीखाली दाबून टाकले.

मी वेटरला बाजूला घेतले. ‘‘गायकाला पान कोण आणून देतो?’’

‘‘गिटारवालेच की, साहेब. गायच्या आधी सोताच्या हातानं भरवत्यात.’’

गिटारवाल्याला ठाण्यात आणले, पण तो बराच वेळ कबूल होईना. मी ना हात उगारला, ना आवाज चढवला. एका गिऱ्हाइकाने काढलेला त्यांचा व्हिडिओ मोबाईलवर लावला. ‘‘मस्त गातो तुझा मित्र. गाणंही त्यानंच केलंय ना?’’

तो ताडकन उठला. ‘‘त्यानं? शब्द माझे, चाल माझी! गायला म्या शिकवलं त्याला. आन् लोक फोटो त्याच्यासंग काढत्यात. मला म्हनत्यात, जरा बाजूला सरका.’’

मग खाली बसला. ‘‘आवाज जावा एवढंच वाटलं हुतं, साहेब. जीव न्हवता घ्यायचा.’’

शेंदराची पुडी गिटारीच्या पिशवीत निघाली. पंचांसमोर जप्त केली.

गायकाला पुरवणी जबाबासाठी बोलावले. खोटे का सांगितलेस, म्हणून विचारले. तो म्हणाला, ‘‘चव तवाच येगळी लागली. पन त्यानं भरवलेलं थुकू कसं?’’

त्यानंतर कुठल्याही तपासात ‘वैरी कोण’ हे मी आधी विचारले नाही. जेवायला शेजारी कोण बसतो, ते विचारू लागलो. परक्याच्या नशिबावर माणूस चार दिवस जळतो आणि विसरतो. सोबत वाढलेल्याचे कौतुक मात्र त्याला रोज समोर बसून ऐकावे लागते.

काही महिन्यांनी गायकाचा आवाज परत आला. दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर तो एकदा ठाण्यात आला आणि दारातच घुटमळला.

‘‘साहेब, ते गानं आता मी म्हनू का? चाल त्याची हाय.’’

मी त्याला बसायला खुर्ची दिली.