दहापैकी पाच

"हे तुमी पायलं काय, सर?"

रविवारी मी फळ्यावर काही लिहिलं की तिसऱ्या बाकावरून हा प्रश्न यायचा. त्यात उर्मटपणा नसायचा, खोडीही नसायची. गावाहून आलेल्याला 'तिकडे पाऊस झाला का' असं विचारावं, तितक्या सहज ती विचारायची. आणि खडू घेऊन उभ्या असलेल्या, एम.एस्सी. झालेल्या माणसाने ते बहुतेक वेळा पाहिलेलं नसायचं. मी म्हणायचो, "पुस्तकात आहे." ती म्हणायची, "मंग असन," आणि मुकाट्याने लिहून घ्यायची.

नागपुरात हुडकेश्वरला एका शाळेच्या मागच्या वर्गात आमचं अभ्यासकेंद्र भरायचं. दूरशिक्षणाने उद्यानविद्येची पदवी. पुस्तकं घरपोच, आठवड्यातून एक दिवस शिकवणी. कागदोपत्री मी तिथला समंत्रक, म्हणजे रविवारचा शिक्षक, होतो, दरवर्षी नव्याने नेमला जाणारा, आणि म्हणून दरवर्षी मे महिन्यात केंद्रप्रमुखांशी जरा जास्तच गोड बोलणारा. वर्गात पंधरा जण. चौदा तरुण, त्यातले बरेचसे स्पर्धा परीक्षेला पदवी लागते म्हणून आलेले, आणि एक ही चाळिशी ओलांडलेली बाई.

ती काटोलकडची. वडील हंगामात गावोगाव संत्र्याची कलमं बांधत फिरायचे, त्यांच्यामागे फिरून हिचाही हात बसला होता. लग्न होऊन नागपूरला आली आणि एका मोठ्या संस्थेच्या बागेत रोजंदारीवर लागली. पंधरा वर्षं तीच बाग, तीच रोजंदारी. तिथे बाग पर्यवेक्षकाची कायम जागा निघणार होती. पदवी हवी आणि वयाची अट होती, आणि त्या अटीत ती पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंतच बसत होती. पदवी वेळेत हातात पडली तर जागा तिची, नाहीतर जन्मभर खुरपं. हे तिने मला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं, बसची वेळ सांगावी तसं.

पुस्तकी मराठीशी तिचं भांडण होतं. मी एकदा अर्धा तास 'शाकीय अभिवृद्धी' शिकवली. तिने शेवटी विचारलं, "म्हंजे कलमच ना, सर?"

"हो, कलमच."

"मंग तिचं असं नाव काहून ठेवलं?"

वर्ग हसला, मीही हसलो. ती मात्र तो शब्द पुढचा आठवडाभर पाठ करत होती. बागेतल्या नळीने पाणी देताना मोठ्याने म्हणायची म्हणे, आणि सोबतच्या बाया विचारायच्या, कोणत्या देवीचं नाव घेऊन राहिली वं. लेखी परीक्षेत तिने तो शब्द बिनचूक लिहिला. सगळ्या लेखी पेपरांत ती पास झाली. मराठीत नापास होऊन शाळा सोडलेली आणि मग बाहेरून बारावी केलेली बाई, तिचे ते गुण बघून मला खरंच आनंद झाला होता. हे आवर्जून सांगतो, कारण पुढे माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं फारसं काही नाही.

राहिलं होतं शेवटचं प्रात्यक्षिक. प्रत्येकाला जंबेरीची, म्हणजे ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात त्या लिंबाची, दहा रोपं आणि संत्र्याच्या चार डोळकाड्या. पानाच्या बेचक्यात फुटायला टपलेला कोंब असतो, तो डोळा. काडीवरून तो सालीसकट काढायचा, जंबेरीच्या सालीला छेद देऊन आत बसवायचा आणि वर प्लास्टिकची पट्टी बांधायची. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा असला तर लागला, काळा पडला तर मेला. बाहेरून परीक्षक येऊन मोजणार, आणि पास व्हायला दहापैकी सहा तरी लागलेले हवेत.

तिने आल्याबरोबर आपल्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून झाडाखाली ठेवल्या. मुलांनी आपल्या काड्या शाळेच्या कट्ट्यावर उन्हात टाकल्या आणि मोबाइलवर व्हिडिओ लावून रोपांच्या साली सोलायला घेतल्या. तुम्ही नवशिक्या न्हाव्याला पहिल्या गिऱ्हाइकाची दाढी करताना पाहिलं असेल, तर ते दृश्य वेगळं सांगायला नको. दहा मिनिटं तिने ते सहन केलं. मग उठली.

"आण गा इकडे. जिवंत रोपटं हाये थे. काहून मारतं त्याले?"

एकाचं बांधून दिलं, दुसरा आला. "मावशी, माझंही करून द्या ना." बुलेटवरून येणारा एक जण होता, मागच्या बाकावरचा. त्याने तर दहाच्या दहा रोपं तिच्यापुढे आणून ठेवली आणि चहाला निघून गेला. त्यांच्या बऱ्याच काड्या उन्हाने मऊ पडल्या होत्या, म्हणून त्यातल्या ताज्या निवडून, कमी पडतील तिथे ती आपल्या गोणपाटातल्या काड्या काढत गेली. डोळ्यामागून डोळा, मान वर नाही. मी सावलीत खुर्ची टाकून बसलो होतो. म्हणालो, "अहो, तुमची रोपं तशीच आहेत."

"माह्यं होईन ना सर. आधी हे कापलेले बांधू द्या, नाहीतर मरतीन."

तिच्या रोपांची पाळी आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि उरल्या होत्या मुलांच्या सुकलेल्या काड्या. त्याच तिने पाण्यात बुडवल्या आणि बांधल्या.

तीन आठवड्यांनी परीक्षक आले. मुलांची रोपं हिरवीगार. सगळ्यांच्या जर्नलमध्ये एकाच वळणाचं वाक्य, मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेलं. तिच्या दहापैकी पाच लागले होते. जर्नलमध्ये तिने लिहिलं होतं, 'पाच लागले. पाच मेले. काडी सुकली होती.' मेलेला एक डोळा तिने सेलोटेपने खाली चिकटवलाही होता.

परीक्षकांनी चष्मा वर केला. "बाई, निम्मेच?"

"हो सर. काडी सुकली होती."

"काडी ओली ठेवायची, हे पहिल्या धड्यात आहे. वाचलं नाही?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मागे चौदा जण रांगेत उभे होते आणि कोणी खाकरलंसुद्धा नाही. परीक्षक माझ्याकडे वळले. "सर, तुमचं काय म्हणणं?"

मला सगळं माहीत होतं. पण खरं सांगितलं असतं तर अख्ख्या तुकडीचं प्रात्यक्षिक रद्द झालं असतं, केंद्राची चौकशी लागली असती, आणि मे महिना दोन महिन्यांवर आला होता. मी म्हणालो, "सूचना सगळ्यांना सारख्याच दिल्या होत्या, सर."

वाक्य खरं होतं. त्याचीच मला अजून जास्त लाज वाटते.

प्रात्यक्षिकात ती नापास झाली. चौदा जण पास. पुन्हा बसायचं तर वर्ष थांबणं आलं, आणि तोवर वय निघून जाणार होतं. पुढच्या रविवारी निकालाचे कागद घ्यायला सगळे आले, ती आली नाही. माझी नेमणूक मात्र झाली.

पुढच्या वर्षी कसल्याशा कामाने त्या संस्थेत जाणं झालं. बागेच्या खोलीत टेबलामागे बुलेटवाला बसला होता. पदवी ताजी, वय कमी, जागा त्याला मिळाली होती. मला बघून उभा राहिला, पाया पडला. पोरगा वाईट नव्हता, त्याला त्यात काही चुकीचं वाटलंच नव्हतं, एवढंच. खिडकीतून ओरडला, "मावशी, आपले सर आले. चहा आणा."

ती चहा घेऊन आली. तेवढ्यात त्याला फोन आला आणि तो बोलत बाहेर गेला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "पुन्हा बसायचं होतं परीक्षेला. पदवी तरी हातात आली असती."

"आता काय करू सर तिचं?"

"त्या दिवशी तुम्ही सांगायला हवं होतं."

ती टेबलावरचा कागद सरळ करत राहिली. मग म्हणाली, "मी बोलली असती तर पोट्टे म्हणाले असते, नापास होऊन राहिली म्हणून आमचं नाव घेते. माह्यावर कोण विश्वास ठेवते? मले वाटलं होतं, तुमी बोलाल."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मी उरलेला चहा एका घोटात संपवला. तिने रिकामा कप उचलला, बाहेर नळावर विसळून पालथा घातला आणि खुरपं घेऊन वाफ्यात जाऊन बसली. मी गाडी काढली तेव्हा तिची पाठ माझ्याकडे होती.