बायपासपलीकडचं घर

घरमालकाच्या मुलांनी जागा विकायचं ठरवलं, तेव्हा आम्ही या हिंदी मुलखातल्या शहरात, खासगी बाजार नावाच्या जुन्या पेठेत, दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. मी तिथेच जन्मलो. बाबांनी तिथे राहून सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात काढली, आई तिथेच गेली, माझी मुलगी तिथेच रांगली. आता सहा महिन्यांत जागा सोडायची होती.

शोधायला लागलो तेव्हा कळलं की आमच्या ऐपतीत दोनच घरं बसतात. एक आमच्याच गल्लीच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावरचा फ्लॅट. दोन लहान खोल्या, एक माणूस कसाबसा उभा राहील एवढं स्वयंपाकघर आणि ऊन फक्त सकाळी तासभर. दुसरं बायपासच्या पलीकडे, नव्या कॉलनीत. स्वतंत्र घर, तीन खोल्या, वर गच्ची. किंमत जवळजवळ सारखीच. हरिशंकरपुरममध्येही एक घर पाहिलं. तिथे वस्तीही होती आणि ऐसपैस जागाही, पण भाव ऐकून आम्ही चहा न घेताच उठलो.

ज्याला विचारावं तो म्हणायचा, मोठं घ्या, यात विचार कसला करताय?

विचार बाबांचा होता. काचबिंदूने त्यांची नजर गेल्यातच जमा होती. उजव्या डोळ्याला उजेड-अंधार कळायचा, तेवढाच. पण खासगी बाजारात ते आंधळे नव्हते. रोज सकाळी काठी घेऊन एकटे निघायचे. बेढईच्या, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्यांच्या, कढईचा वास आला की डावीकडे वळायचं, पुढे शिंप्याचं मशीन, मग देवळाच्या पायऱ्या. रस्ता कुठे खणलेला असला तर कुणीतरी दुकानातून ओरडायचं, "मास्साब, बाएँ से निकलो!" निम्म्या बाजाराने लहानपणी त्यांचा मार खाल्ला होता आणि आता तीच मंडळी त्यांना सांभाळत होती.

आणि दुसऱ्या बाजूला माझी मुलगी. बारावीत होती. बाहेरच्या खोलीत आजोबांच्या पलंगाशेजारी गादी टाकून झोपायची, अभ्यास स्वयंपाकाच्या ओट्याशी बसून करायची, कपडे बदलायला कपाटाआड पडदा. एकदा ती पडद्याआड असताना शेजारचे काका सरळ आत आले, नेहमीसारखे, पेपर मागायला. त्या दिवशी ती जेवली नाही. मी जवळ जाऊन बसलो तेव्हा म्हणाली, "पप्पा, मुझे और कुछ नहीं चाहिए. मला एक दार हवंय फक्त. जो अंदर से बंद हो."

मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मला नका विचारू. एकीकडे तुमचे वडील, एकीकडे माझी पोर. मी काही म्हटलं तरी जन्मभर माझ्याच डोक्यावर बसेल." तिचं खरंच होतं. मला तरी दुसरं काय हवं होतं? कुणीतरी माझ्याऐवजी ठरवावं, एवढंच.

शेवटी ठरवलं ते बाबांनी. मी त्यांना स्कूटरवर बसवून नवं घर दाखवायला नेलं. 'दाखवायला' हा शब्द तेव्हा खटकला नाही. त्यांनी भिंतींवरून हात फिरवला, मोकळ्या खोलीत एकदा खाकरून आवाज ऐकला.

"मोठं आहे रे," ते म्हणाले. "बाहेर काय आहे?"

"रस्ता आहे."

"आणि?"

"प्लॉट आहेत. होईल हळूहळू वस्ती."

परतताना मागून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हेच घे. पोरीचं वय थांबणार आहे का? माझं काय, मला दिसत नाही. मला इथे काय नि तिथे काय."

हे खोटं होतं. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. तरी मी स्कूटर चालवत राहिलो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. ते आठवलं की आजही माझी मान वर होत नाही.

आम्ही राहायला गेलो. मुलीने पहिल्या संध्याकाळी आपल्या खोलीची कडी लावली आणि पुष्कळ वेळ बाहेर आली नाही. बाबांनी दोन दिवसांत घर हातांनी पाठ केलं. चौथ्या दिवशी मी ऑफिसात असताना, बायको गच्चीवर कपडे वाळत घालत असताना, ते काठी घेऊन बाहेर पडले.

बायकोचा फोन आला तेव्हा त्यांना जाऊन तास झाला होता. मी धावत आलो. तीन गल्ल्या पलीकडे एका अर्धवट बांधलेल्या घरासमोर ते वाळूच्या ढिगावर बसलेले सापडले. वैशाखातलं ऊन होतं, लूचा भाजणारा वारा सुटला होता. तिथल्या मजुराच्या बायकोने त्यांच्या डोक्यावर ओला गमछा टाकला होता. ती मला म्हणाली, "पता पूछा तो खासगी बाजार बता रहे थे. हमने कहा बाबा, वो तो बहुत दूर है."

घराचा नंबर मी त्यांना कधी सांगितलाच नव्हता.

वाटेत त्यांनी विचारलं, "सगळी घरं सारखीच आहेत का रे?"

"हो बाबा."

"तरीच. फाटकं हाताला एकसारखी लागत होती. आणि कसला आवाजच नाही."

मी आमच्या फाटकाला घंटी बांधली. कोपऱ्यापर्यंतची पावलं त्यांच्याकडून मोजून घेतली. तीन दिवस त्यांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखं सगळं केलं. मग म्हणाले, "कोपऱ्यापर्यंत जाईन रे मी. पण तिथे आहे काय?"

मग मी दर रविवारी त्यांना खासगी बाजारात नेऊ लागलो. गल्लीच्या तोंडाशी सोडायचो आणि चार पावलं मागून चालायचो. त्यांची पाठ ताठ व्हायची. बेढईवाला स्टूल पुढे करायचा, "मास्साब, आप तो हमें भूल ही गए." ते हसायचे. असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी मी चपला घालून तयार होतो, ते पलंगावरून उठले नाहीत.

"आता नको नेत जाऊस."

"का? बरं वाटत नाही का?"

"तिथे बरंच वाटतं रे. परत येताना त्रास होतो."

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. नंतर गच्चीवर माझ्यामागे आली. "पप्पा, ये मेरी वजह से हुआ ना?" मी म्हणालो, "नाही." तिचा कुणाचाही हक्क मारायचा विचार नव्हता. तिने एक दार मागितलं होतं.

गेल्या महिन्यात मी कुणाला न सांगता गल्लीतल्या त्या फ्लॅटची चौकशी करून आलो. तो कधीच विकला गेला होता. एका साडीवाल्याने तिथे माल भरून ठेवलाय. दलालाला विचारलं, बायपासचं घर विकलं तर? तो म्हणाला, "अभी कौन लेगा साहब? पाँच-सात साल रुको, आबादी आने दो."

बाबा ब्याऐंशीचे आहेत.

घरी आलो तर त्यांची खोली तशीच स्वच्छ, मोठी, हवेशीर. आधीच्या आमच्या दोन्ही खोल्या तिच्यात मावल्या असत्या. ते पलंगाच्या कडेला भिंतीला टेकून बसले होते. माझी चाहूल लागल्यावर त्यांनी पाय जवळ ओढून घेतले, मला बसायला जागा करून दिली आणि विचारलं, "जेवलास का?"