माझं आंग हाय, मले विचारा

कॅन्सरनं नाही गेली माझी ताई.

काल दुपारी, कोरपन्याला, घरीच. हार्ट अटॅक. कॅन्सरला तर तिनं ऐंशीच्या दशकातच मागं टाकलं होतं.

कालपासून मला एका जागी बसवत नाही. म्हणून लिहून राह्यले.

तेव्हा ताई पस्तिशीची असेल. अंघोळ करताना उजव्या छातीत, काखेच्या बाजूला गाठ लागली. नागपूरला नेलं, मी सोबत होते. तपासणीत कॅन्सर निघाला.

आमच्याकडे तेव्हा एकच ठाऊक होतं. पूर्ण स्तन काढायचा. त्या भीतीनं बाया गाठ पदराखाली लपवायच्या.

पण सर्जन म्हणाले, "गाठ लहान आहे. ती आणि आजूबाजूचा भागच काढू. खड्डा पडेल, त्यात काखेखालची कातडी आणि चरबी वळवून बसवू. एका बाजूनं जोडलेली ठेवू, म्हणजे तिला रक्त मिळत राहील. पण नंतर रेडिएशन घ्यावंच लागेल. आणि काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर दिसला, तर मात्र पूर्ण काढावं लागेल."

ताईची सासू लगेच म्हणाली, "पूरंच काढून टाका साहेब. दोन लेकरं झाली, आता काय करा लागते तिले?"

भाऊजी खाली मान घालून उभे.

ताई म्हणाली, "आत्याबाई, माझं आंग हाय. मले विचारा."

मग भाऊजींकडे वळली. "तुमी काऊन चूप हाय?"

"मले तू पायजे," भाऊजी म्हणाले. "कशीबी. बाकी तू ठरव."

तिनं ठरवलं, गाठच काढायची. ऑपरेशन झालं.

मग रिपोर्टची वाट.

ताई जखमेतलं पाणी जमा होणारी ड्रेनची बाटली हातात धरून व्हरांड्यात येरझारा घालायची. नर्स ओरडायची, ही ऐकायची नाही.

त्यातच बसवलेल्या कातडीची कड काळी पडली.

"सडून राह्यलं का वं?" ताईनं मला विचारलं. मी डॉक्टरांना बोलवायला धावले.

"टोकाला रक्त कमी पोचलंय," ते म्हणाले. "बाकी जिवंत आहे."

तेवढी कड गळून गेली. बाकीचं धरलं.

रिपोर्ट आला. काढलेल्या भागाच्या कडा साफ.

मी रडले. ताईनं विचारलं, "आता शेक कवा सुरू करता?" रेडिएशनला आम्ही शेकच म्हणायचो.

कातडी भाजली, ती बाजू थोडी लहान अन् कडक झाली. दर तपासणीच्या आधी ताई जेवणाचं ताट बाजूला सारायची. वर्षानुवर्षं.

पुढं एकदा जिवतीहून एक बाई ताईकडे आली. छातीतली गाठ लपवून दुखणं अंगावर काढत होती. ताईनं तिला आत नेलं, दार लावलं, ब्लाउज उघडून दाखवलं. "पाह्य. असंबी होते."

आणि स्वतः तिला नागपूरला घेऊन गेली. मीही सोबत गेले.

त्या बाईची गाठ फार वाढली होती. पूर्ण स्तन काढावा लागला.

ताई वॉर्डाच्या दाराशीच अडली. आत पाऊल टाकवेना. "माझं राह्यलं, तिचं गेलं. उगाच आस लावली मी."

मीच तिला हाताला धरून नेलं.

त्या बाईनं ताईचा हात ओढून खाटेवर बसवलं. "बाई, रडता काऊन? तुमी दाखवलं म्हून मी घरून निघाली. मी जित्ती हाओ ना."

ताई, जय भीम.

नीट जा.