स्पीकरवरचा तळहात

अॅम्प्लिफायर घरघरतो म्हणून उल्हासनगरहून जो मेकॅनिक आमच्या मांजर्लीच्या घरी आला, त्याला बघूनच माझा मूड गेला. काखेत प्लॅस्टिकची पिशवी, तोंडात बडीशेप, आणि आयुष्य गेलेलं हळदीतले डीजे दुरुस्त करण्यात.

घरघर त्याने दहा मिनिटांत घालवली. मग त्याला जरा चांगलं काही कळावं म्हणून मी माझी लाडकी सीडी लावली.

"हे चेक लोकांचं आधुनिक संगीत. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, असे चौघं वाजवतात. रेकॉर्डिंग ऐका. गज तारेला टेकतो तेसुद्धा कळतं. तुमच्या त्या धडामधुडुमसारखं नाही."

ताप बघावा तसा त्याने एकेका स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

"साहेब, चौघं बोललात ना? मला तिघंच भेटले. तो जाड आवाजवाला किधर गया?"

मी हसलो. कुणाला काय ऐकवत बसलोय!

तो स्पीकरमागे वाकला. "एकाच्या वायरी उलट्या लागल्यात. दोघं एकमेकांचा खर्ज खातायत. कोणी लावल्या?"

मीच. असल्या लोकांचे हात लागायला नकोत म्हणून.

त्याने लाल-काळ्या वायरींची अदलाबदल केली आणि चेलोचा जाड आवाज खोलीभर पसरला. दोन वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला या संगीतातला युरोपी रुक्षपणा समजावून सांगत होतो.

आतून बायको म्हणाली, "आज बरं वाटतंय हो ऐकायला. नवी सीडी आणली का?"

तो पिशवी उचलत होता. त्याच्याकडे न बघता मी "हो" म्हणालो.