घाबरलेली प्रार्थना

मुलाला ऑपरेशनसाठी आत नेलं आणि दार बंद झालं. मी बाकावर बसून डोळे मिटले. पण लहानपणापासून तोंडपाठ असलेली प्रभूची प्रार्थना दोन शब्दांपुढे जाईना. आमच्या चर्चमधल्या सुसानमावशी सोबतीला आल्या होत्या. त्यांना म्हटलं, "मावशी, मला शब्दच आठवत नाहीत."

"मग मी बोलते. तू नुसतं आमेन म्हण." त्यांनी माझा हात धरला आणि घरातल्या माणसाशी बोलावं तशा त्या बोलू लागल्या, "प्रभू, ही पोर घाबरलीय. खरं सांगायचं तर मीपण घाबरलेय. तू लेकराजवळ थांब."

मी चमकले. दर रविवारी साऱ्या मंडळीसाठी प्रार्थना करणाऱ्या मावशी, आणि त्या देवापुढं आपली भीती सरळ कबूल करत होत्या. विश्वास असला की भीती उरत नाही, असंच मी समजत आले होते. पण जिथं भीती लपवावी लागत नाही, तिथंच तर माणूस विश्वासानं जातो.

मी आमेन म्हटलं. दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "सगळं नीट झालं." मला रडू फुटलं. धीर मात्र त्यांच्या येण्याआधीच मिळाला होता.