उत्तर दिशेचे गाठोडे: ठाण्याहून शहाड, मार्गे बाळकुम

स्वस्ति श्री. अखिल-जावकविभाग-चूडामणि, टपालतिकीट-लेपनाचार्य, लाखेच्या मोहोरेचे एकमेव अधिपती, पदोन्नतीपासून त्रिवार सुरक्षित, सुपारीखंडनपटू, ठाणेनगरस्थ श्रीमान बापूराव (म्हणजे मी) यांनी आपले ज्येष्ठ बंधू, बत्तीस वर्षे एकाच वर्गात उभे राहून सबंध पृथ्वी फिरविणारे निवृत्त भूगोलशिक्षक श्रीमान नाना यांच्या समवेत अतिउत्तरेच्या निर्मनुष्य हिमप्रदेशी जे महाप्रस्थान ठेविले, त्याचा हा साद्यंत वृत्तांत आमच्या आळीच्या हस्तलिखित अंकाच्या वाचकांस सादर. (माझ्या पत्नीच्या, म्हणजे सुमतीच्या, आक्षेपावरून ‘महाप्रस्थान’ हा शब्द खोडून नुसते ‘प्रस्थान’ वाचावे. अभद्र बोलू नये, असे तिचे म्हणणे.)

निर्णय माघात झाला, आणि तो टांग्यात झाला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आम्ही परतत होतो. काचबिंदूने नानांचा उजवा डोळा आधीच नेला होता. डाव्याविषयी डॉक्टर म्हणाले होते, “मास्तर, दसऱ्यापर्यंत जे पाहायचं ते पाहून घ्या.” टांगा तळ्यापाशी आला तसे नाना माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “बापू, झाड जिथे संपतं ती जागा मला बघायची आहे.”

बत्तीस वर्षे त्यांनी मुलांना हेच शिकविले होते. उत्तरेकडे चालू लागा. प्रथम भात संपेल, मग गहू, मग झाडे खुजी होतील, मग शेवाळ, आणि त्यापुढे हिम. ते स्वतः उत्तरेस नाशिकपलीकडे गेलेले नव्हते.

पहिली योजना जलमार्गाची होती. एका परदेशी आगबोट कंपनीस मी पत्र धाडले. त्यात मी स्वतःच्या पदव्या लिहिल्या नव्हत्या, तरी त्यांनी गुळगुळीत कागदाची सचित्र पुस्तिका पाठविली. नॉर्वेच्या किनाऱ्याने वर वर जाणारी बोट, जिथे सूर्य उन्हाळाभर मावळत नाही असे एक भूशिर, डेकवर शाल पांघरून बसलेल्या मडमा. नानांनी भिंगातून प्रत्येक चित्र पाहिले. सुमतीने फक्त शेवटचे पान पाहिले, जेथे भाडे छापलेले असते. तिने पुस्तिका मिटली आणि तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवली. जलमार्ग येथे समाप्त झाला.

खुष्कीचा मार्ग मात्र माझ्यासारख्या दरिद्री चूडामणीसही शक्य होता. इच्छुकांसाठी नोंदवितो: पठाणकोटपर्यंत आगगाडी, पुढे मोटारीने कुलू, तेथून मनाली, आणि मनालीहून खेचरावर वा पायी रोहतांग खिंड. खिंड ज्येष्ठात मोकळी होते. पलीकडे लाहोल, तिथे झाड संपते असे नाना शपथेवर सांगत. परंतु तो सरहद्दीचा मुलूख असल्याने सरकारी परवाना लागतो, आणि परवान्यास दोन महिने लागतात. अर्ज मी लिहिला. माझे अक्षर मोत्यासारखे आहे. नानांनी भिंग फिरवून ते पसंत केले आणि सही केली.

आता शास्त्र. आमचे जोशीबुवा म्हणाले, उत्तरेस जाण्याचा मुहूर्त चैत्रातच आहे, पुढे बरेच दिवस नाही. परवाना हाती नसता निघावे कसे? यावर पूर्वजांनी उपाय योजून ठेवला आहे, त्याचे नाव प्रस्थान. मुहूर्तावर आपण जायचे नाही. आपले गाठोडे जायच्या दिशेने दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचे. मग आपण घरी पिठलेभात खात बसलो तरी शास्त्रतः निघालेले असतो. मात्र ते गाठोडे परत आणायचे नाही.

“आत काय घालायचं?” सुमतीने विचारले.

“तांदूळ, सुपारी, हळकुंड,” जोशीबुवा म्हणाले, “आणि प्रत्येक प्रवाशाची एक आवडती वस्तू. जिच्यावाचून अडतं अशी. एका घरी पंधरवडा चालेल. तोवर निघणं झालं नाही तर आणखी उत्तरेला सरकवायचं.”

नानांनी या सफरीसाठी विणवून घेतलेला मफलर दिला. मी माझा पितळी अडकित्ता दिला. तो वडिलांचा. माझ्या औदार्याने मी स्वतःच भारावलो होतो.

पहिला मुक्काम: उत्तरेकडील चौथे घर. अंतर ऐंशी पावले, खर्च शून्य, खाण्यास खोबऱ्याची वडी. दृश्ये: पेन्शनर शेजारी व त्यांचा आजारी पोपट. या मुक्कामाविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. पण एक गोष्ट वाचकांपासून लपविणे शोभणार नाही. अर्ज मी टपालात टाकलेला नव्हता.

ज्याने हयातभर परक्यांचे कागद बिनचूक रवाना केले, त्याने भावाचा एक लिफाफा रोज सकाळी पिशवीत घालून कचेरीत नेला आणि रोज सायंकाळी परत आणला. खिंडीच्या वाटेचे वर्णन मी वाचले होते. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास दरी, मधून खेचर; आणि खेचरावर अर्ध्या डोळ्याचा माणूस, ज्याला आमच्या पडवीची पायरीही हल्ली चुकते. मला भीती वाटत होती. ती भाषेत मांडण्यासारखी नसल्याने मी तिला संस्कृत वस्त्रे चढविली आणि मुहूर्त, प्रस्थान, दिशाशूल यांविषयी घरात व्याख्याने दिली.

पंधरवड्याने गाठोडे बाळकुमास हलले. ठाण्याहून टांगा करावा. खाडीच्या बाजूचा रस्ता खडबडीत आहे, उशी न्यावी. तेथे नानांचा जुना विद्यार्थी धर्मा पाटील राहतो. त्याची वडिलोपार्जित मिठागरे आहेत. वैशाखातले ऊन, आणि खाचरांच्या कडेने उभे मिठाचे पांढरे ढीग. पाहणाऱ्याचे डोळे मिटावेत असे तेज.

धर्माने गाठोडे देवाच्या फळीवर ठेवले आणि आम्हांस बांधावर नेले. “मास्तर, कुठं जाताव एवढ्या लांब? ह्यो बगा बरफ. मनान धरा का पोचलाव.”

“धर्मा, हे मीठ आहे,” नाना म्हणाले. “चौथीतसुद्धा तुला हाच घोटाळा होत होता.”

“तवा मार खाल्ला. आता नाय खानार.”

“आता मारणार नाही. पण मीठ ते मीठ.”

तरीही त्यांनी त्या स्थळाचा उपयोग सोडला नाही. रोहतांगसाठी घेतलेला काळा चष्मा लावून ते मिठागराच्या अरुंद बांधावर चालण्याचा सराव करू लागले. दोन्ही बाजूंस खारे पाणी, मध्ये वीतभर चिखल. धर्मा पुढे, मी मागे. नाना मोठ्याने पावले मोजत. पंचविसाव्या पावलाला ते थांबले आणि म्हणाले, “बापू, तू माझा सदरा धरला आहेस.”

मी धरला होता.

“सोड.”

मी सोडला. ते टोकापर्यंत गेले. धर्माच्या घरी तांदळाची भाकरी आणि वांग्याचे कालवण झाले. धर्माची आई नानांना म्हणाली, “म्हातारपनी कवरं चालतं रं हे मानूस.” ती नानांहून दहा वर्षांनी वडील असावी. परतीच्या टांग्यात नाना लहान मुलासारखे खूश होते. “परवाना आला की पहिल्या गाडीने,” ते म्हणाले. लिफाफा माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता. मी बाहेरची झाडे पाहत राहिलो.

पुढला पंधरवडा संपला. गाठोडे आणखी उत्तरेस न्यायचे, तर कोठे? माझी मेहुणी शहाडास राहते. तिचे यजमान तेथील गिरणीत नोकरीस आहेत. परंतु शहाड बाळकुमच्या उत्तरेस की नुसते पूर्वेस, हा वाद निघाला. नानांनी नकाशांचे पुस्तक उघडले, भिंग धरले, आणि निर्णय दिला: “उत्तरेस. अक्षांशाची जेमतेम एक कला, पण उत्तरेस.” समोर पान आफ्रिकेचे होते. मी तो त्यांचा विनोद समजलो.

शहाडास जाण्यासाठी ठाण्याहून कल्याणपर्यंत गाडी घ्यावी, तेथे फलाटावरचा चहा टाळावा, आणि पुढे टांगा करावा. टांगेवाले बारा आणे मागतात व आठ आण्यांत ऐकतात. मेहुणीने पोहे केले होते. गाठोडे उघडून तिने जिन्नस पाहिले, तेव्हा नाना म्हणाले, “थांब गं. मफलर काढ. तो मला थंडीत लागेल.” आणि खिशातून भिंग काढून त्यांनी तांदळावर ठेवले.

“अहो नाना, ते कशाला? तुम्हाला वाचायला लागतं ना?”

“आवडती वस्तू पाहिजे ना? हीच.”

आफ्रिकेचे पान मला तेव्हा कळले. शहाडचे अक्षांश त्यांनी स्मरणातून सांगितले होते. नकाशा त्यांना दिसतच नव्हता.

पोहे तसेच ठेवून मी त्यांना उल्हास नदीच्या काठी घेऊन गेलो. तेथे मी पिशवीतून लिफाफा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटांनी तिकीट चाचपले, मग लिफाफ्याची न फोडलेली कड चाचपली.

“किती दिवस?”

“चैत्रापासून.”

“भीती वाटली?”

“हो.”

“मला सांगायचं होतंस. मी दुसरा कुणी पाहिला असता.” हे त्यांनी आवाज न चढविता म्हटले, त्यामुळे मला ते अजून ऐकू येते. “बापू, चैत्रात मला नकाशा दिसत होता रे.”

त्यांनी लिफाफा माझ्या हाती परत दिला. ते उठले. “उत्तर कुठे आहे?” मी त्यांचे खांदे धरून त्यांना वळविले. नदीपलीकडे कोणती शेते, कोणते डोंगर, ते त्यांनी विचारले. मी सांगू लागलो. धवल, शुभ्र, तुषारमंडित असे काहीसे म्हणत खिंडीपर्यंत पोचलो, तेव्हा त्यांनी मला थांबविले. “हिम शुभ्र नसतं. खोल भेगेत ते निळं असतं. पाहिलं नाहीस, तर निदान वाचून सांग.”

त्याच सायंकाळी कल्याणच्या टपालकचेरीत मी लिफाफा दिला. परवाना श्रावणात आला. तोवर पहाडातले रस्ते पावसाने खचले होते. दसऱ्याला खिंड मिटण्याच्या बेतात होती, आणि डॉक्टरांचा हिशेब दुर्दैवाने बरोबर निघाला. आता कार्तिक आहे. नानांना खिडकी कोठे आहे एवढे कळते.

वाचक विचारतील, मग प्रवास कसला? मीही विचारले. नाना म्हणाले, “ज्येष्ठात जायचं. झाड संपलं की वाऱ्याचा आवाज बदलत असणार, ते कानाला कळेल. आणि या खेपेस सदरा धर.” नवा अर्ज मी पौषात करणार असून तो टाकताना सुमती पेटीपर्यंत सोबत येणार आहे. तोवर रोज सायंकाळी मी त्यांना हिमनद्यांविषयी वाचून दाखवितो. ते चुका काढतात. माझी भीती अजून आहे. फक्त ती आता पिशवीत नाही. मिठागराच्या बांधावर त्यांचा सदरा सोडताना माझी मूठ उघडली होती, तिची आठवण मात्र कामास येते.

गाठोडे शास्त्रतः अद्याप प्रवासात आहे, म्हणजे शहाडास आहे, आणि त्यात माझा अडकित्ता आहे. तेवढा काढून आणावा म्हणून मी तीन वेळा गेलो. मेहुणी म्हणते, “भाऊजी, प्रस्थानातलं परत घरी नेत नाहीत. उत्तरेकडे न्या, खुशाल.” नानांनी मफलर काढला तेव्हा हे शास्त्र कोठे होते, असे विचारले, तर म्हणते, त्यांनी बदली दिली, तुम्ही काय देता? दुसरा अडकित्ता घ्यावा, तर सुमतीच्या मते घरात एक असताना दुसरा कशाला, ज्येष्ठात मिळेलच. खलबत्त्यात सुपारीचे पीठ होते. म्हणून मी ती स्वयंपाकघराच्या दाराच्या सांध्यात धरून फोडतो, आणि ते दार आता धड लागत नाही. सुतार सोमवारी येतो म्हणाला होता. कोणत्या सोमवारी, ते त्याने सांगितलेले नाही.